दाखल्यानंतरची नोंद

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येक मुलाची एक आडवी ओळ असते. नाव, आईचे नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, आणि शेवटच्या रकान्यांत प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख व शाळा सोडण्याचे कारण. या कारणापुढे 'एस.एस.सी. उत्तीर्ण' असे लिहून दाखला दिला की शाळेच्या दृष्टीने ती ओळ पुरी होते. पुढे त्या मुलाचे काय झाले, हे लिहायला रजिस्टरात रकाना नाही. माजी विद्यार्थ्यांच्या बातम्या म्हणजे त्या न छापलेल्या रकान्यातला मजकूर होय. दहावीच्या वर्गाला 'आता पुढे काय' हे सांगायला उभ्या राहणाऱ्या शिक्षकाजवळ याहून खरी सामग्री दुसरी नसते.

महाविद्यालयांना अशी नोंद टाळता येत नाही. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या, 1994 मध्ये स्थापन झालेल्या 'नॅक'च्या निकषांत विद्यार्थ्यांची पुढची वाटचाल आणि माजी विद्यार्थ्यांचा सहभाग यांची माहिती मागितली जाते, म्हणून तिथे संघ असतो, अर्ज असतात, मेळावे होतात. माध्यमिक शाळेला असे कोणी विचारत नाही. 'सरल' किंवा यू-डायस या सरकारी संगणकीय नोंदींत मूल एका शाळेतून दुसऱ्या शाळेत गेलेले दिसते; ते आयटीआय अर्धवट सोडून हॉटेलात कामाला लागले, किंवा अकरावीतच लग्न होऊन सासरी गेले, हे तिथे उमटत नाही. शाळेत ही नोंद ठेवली जाते ती एखाद्या शिक्षकाच्या किंवा लिपिकाच्या आस्थेपोटी, आणि तो माणूस निवृत्त झाला की वहीचे पुढचे पान कोरे राहते.

बातमी येण्याच्या जागा मात्र ठरलेल्या आहेत. सर्वांत मोठी जागा म्हणजे लिपिकाची खिडकी. दाखल्याची दुसरी प्रत, पासपोर्टसाठी जन्मतारखेची खात्री, नावातल्या काना-मात्रेची चूक, आणि सर्वांत जास्त म्हणजे जात पडताळणीसाठी वडिलांचा किंवा आजोबांचा निर्गम उतारा, अशा कामांसाठी माणसे वीस-तीस वर्षांनीही शाळेत येतात. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जुन्या शाळांतली मोडी लिपीतली रजिस्टरेही कपाटाबाहेर निघाली. रजिस्टर शोधायला दहा मिनिटे लागतात. त्या दहा मिनिटांत 'हल्ली कुठं असतोस, काय करतोस?' हा प्रश्न सहज विचारला जातो आणि उत्तरही मोकळेपणाने मिळते. ज्या शाळांनी त्या खिडकीशी एक साधी वही ठेवली, त्यांना माजी विद्यार्थ्यांसाठी वेगळी मोहीम काढावी लागली नाही. वहीला रकाने थोडे पुरतात: नाव, दहावीचे वर्ष, पुढे काय शिकले, सध्याचे काम, गाव, फोन, आणि शेवटचा सर्वांत मोलाचा रकाना, 'नववी-दहावीच्या मुलांशी बोलायला याल का?'. अनुभव असा की या शेवटच्या रकान्यात 'नाही' लिहिणारे फार थोडे असतात.

दुसरी जागा सणावाराची. कोकणात गणपतीला, घाटावर गावच्या जत्रेला, सगळीकडे दिवाळीला बाहेरगावी गेलेली मुले परततात आणि जुन्या सरांना भेटायला येतात. तिसरी जागा अलीकडची: प्रत्येक बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप आणि पंचवीस वर्षांनी होणारा स्नेहमेळावा. या मेळाव्यांचा उपयोग आहे, पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मेळाव्याला येतात ते बरे चाललेले. ज्याचे काम सुटले, ज्याने शिक्षण मध्येच सोडले, जो गावातच मजुरीला जातो, तो बहुधा येत नाही. मार्गदर्शनाच्या दृष्टीने त्याची हकीकत पहिल्या आलेल्या मुलाच्या हकिकतीइतकीच हवी असते. म्हणून जाणते शिक्षक मेळाव्यात हजेरीपट उघडतात आणि न आलेल्यांची नावे एकेक वाचून 'हा कुठे आहे?' असे विचारतात. शेजारच्या बाकावर बसलेल्या कोणाला तरी ते ठाऊक असते.

मुलींची बातमी मिळणे सर्वांत अवघड. लग्नानंतर आडनाव बदलते, कित्येकदा नावही बदलते, फोन नवऱ्याच्या नावावर असतो, आणि माहेरच्या शाळेत यायला कारणही कमी पडते. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या बॅचमधल्या मुलांपैकी बहुतेकांचा पत्ता लागतो, मुलींपैकी निम्म्यांचाही लागत नाही, हे कोणत्याही शाळेच्या अशा वहीत दिसून येईल. याचा परिणाम थेट आजच्या मुलींवर होतो. त्यांच्यासमोर उभ्या करायला शाळेजवळ उदाहरणेच नसतात. असतात ती एक शिक्षिका, एक नर्स आणि एक डॉक्टर. प्रत्यक्षात त्याच शाळेच्या मुली बँकेत आहेत, पोलिसात आहेत, टेलरिंगचे दुकान चालवतात, अंगणवाडी सांभाळतात, औषधनिर्माण कंपनीत तपासणी विभागात काम करतात. त्यांच्यापर्यंत पोहोचायचा खात्रीचा मार्ग म्हणजे त्यांची आई. आई गावातच असते आणि लेकीचा फोन नंबर तिला तोंडपाठ असतो.

बहुतेक शाळांच्या दर्शनी भिंतीवर एक फलक असतो: वर्ष, पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे नाव, टक्के. तो असावाच; त्या मुलांनी तो मान कमावलेला असतो. पण माजी विद्यार्थ्यांची सगळी आठवण त्या फलकावरच संपली तर वर्गातल्या बाकीच्यांना भिंतीवर स्वतःसारखे कोणी दिसत नाही. ज्याला दहावीला 58 टक्के पडले आणि जो आज एखाद्या कारखान्याच्या टूल रूममध्ये आहे, त्याचे नाव तिथे नसते, आणि वर्गात बसलेल्या बहुतेकांना नेमका तोच माणूस भेटायला हवा असतो.

'दहावीनंतर काय' या प्रश्नाकडे सरकारचे लक्ष फार आधी गेले होते. मुंबई सरकारने 1950 मध्ये व्यवसाय मार्गदर्शनासाठी स्वतंत्र संस्था काढली, आणि शाळाशाळांतून 'करिअर मास्टर' तयार करण्याचे प्रशिक्षण पुढे दिले गेले. 2016 पासून काही वर्षे दहावीच्या सर्व मुलांची कलचाचणी घेतली गेली. कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कुठे आहे, हे ती सांगे. चाचणीचा उपयोग होता. घरात ज्यावर कधी बोलणे झाले नव्हते, त्यावर तो कागद पाहून बोलणे सुरू झाले. पण 'तांत्रिक' असा शेरा घेऊन आलेल्या मुलाचा पुढचा प्रश्न लगेच येई: म्हणजे जायचे कुठे, पैसे किती, राहायचे कुठे, आणि इंग्रजी जमले नाही तर? या प्रश्नांची उत्तरे चाचणीत नव्हती. ती त्याच शाळेतून तीन वर्षांपूर्वी गेलेल्या मुलाकडे होती.

अशा वह्या पुढे ठेवून वाचल्या की मार्गांचे खरे रूप दिसू लागते. आयटीआयचेच घ्यावे. ही प्रशिक्षण योजना देशात 1950 पासून चालू आहे. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे, वेल्डर, डिझेल मेकॅनिक, कोपा (संगणक चालक) हे एक वर्षाचे; वेल्डर, वायरमन यांसारख्या काही ट्रेडना दहावी नापास मुलालाही संधी असते. हे सगळे माहितीपत्रकात मिळते. माहितीपत्रकात नसते ते हे: मुलांची आणि पालकांची पहिली धाव इलेक्ट्रिशियनकडे असते, कारण डोळ्यांसमोर महावितरणची नोकरी असते; पण चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर इथे गेलेली मुले सांगतात की मशिनवर हात बसलेल्या टर्नर-मशिनिस्टला दुसरीकडे जायला मार्ग राहतो आणि चांगल्या वेल्डरला गावातही काम मिळते. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यामुळे आयटीआयनंतर एसटीच्या कार्यशाळेत, रेल्वेत किंवा कारखान्यात अप्रेंटिस म्हणून विद्यावेतनावर शिकता येते. ते वर्ष ज्यांनी मनापासून केले आणि ज्यांनी ते नुसते कंत्राटी काम समजून मध्येच सोडले, त्यांच्यातला फरक चार-पाच वर्षांनी पगारात दिसतो. ही गोष्ट शिक्षकाने सांगितली तर ती उपदेश ठरते. तेच त्या मुलाने सांगितले की वर्ग कान देऊन ऐकतो.

डिप्लोमाच्या बाबतीत वह्या आणखी एक गोष्ट दाखवतात. दहावीनंतर तीन वर्षांचा हा अभ्यासक्रम हुशार मुलाला कमी पैशात अभियंता करतो, कारण पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. आणि दोन वर्षांचा आयटीआय केलेला मुलगाही डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाऊ शकतो. 55-60 टक्क्यांचा मुलगा आयटीआय, डिप्लोमा, पदवी अशा पायऱ्यांनी जाऊन अभियंता झाला, असे ग्रामीण शाळांत दुर्मीळ नाही, आणि हा मार्ग पालकांना बहुधा माहीतच नसतो. मात्र मराठी माध्यमातून गेलेली पुष्कळ मुले पहिल्या वर्षाच्या गणितात अडतात आणि त्यांना 'वायडी' लागते, म्हणजे वर्ष वाया जाते. अडण्याचे कारण गणित कमी असते आणि गणिताची इंग्रजी जास्त. हे कळल्यावर काही शाळांनी दहावीची परीक्षा संपल्यापासून प्रवेश होईपर्यंतच्या मोकळ्या महिन्यांत अशा मुलांसाठी गणित-विज्ञानातल्या इंग्रजी संज्ञांचे वर्ग घेतले. अलीकडे डिप्लोमाला मराठी-इंग्रजी असा द्वैभाषिक पर्यायही आला आहे; त्याची माहिती प्रवेशाआधी हातात पडली तर तिचा फायदा होतो.

शेतीकडे वळणाऱ्या मुलांसाठी कृषी तंत्र विद्यालयाचा दोन वर्षांचा मराठीतला अभ्यासक्रम आहे, राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या अखत्यारीत. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्यांपैकी थोडे एटीडी ही पदविका घेऊन कलाशिक्षक होतात, तर बरेच जण फ्लेक्स, जाहिरात आणि सजावटीच्या कामात शिरतात. एनडीएची इच्छा असणाऱ्यांसाठी छत्रपती संभाजीनगरची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट 1977 पासून आहे, आणि आता मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला आहे. या संस्थांची प्रवेश परीक्षा दहावीच्या वर्षातच द्यावी लागते, त्यामुळे निकालानंतर चौकशीला येणाऱ्याची ती संधी गेलेली असते.

दहावीपर्यंत न टिकलेल्या मुलांचा विचार ज्यांनी मुळापासून केला त्यांत पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम येतो. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो 1983 मध्ये सुरू केला. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य या चारही अंगांनी हाताने काम करत शिकायचे, ही तिथली पद्धत, आणि तीच पुढे 'मूलभूत तंत्रज्ञान' या विषयाच्या रूपाने आठवी ते दहावीच्या वर्गांत अनेक शाळांनी घेतली. तिथून शिकून गेलेल्यांनी फॅब्रिकेशनची, वीज दुरुस्तीची, रोपवाटिकेची कामे आपापल्या गावात उभी केली. ज्या शाळेत हा विषय आहे, तिथल्या मुलाला वेल्डिंग म्हणजे काय हे आयटीआयचा अर्ज भरण्याआधी ठाऊक असते. मार्ग निवडताना ही ओळख फार उपयोगी पडते.

माजी विद्यार्थ्यांच्या बातमीत एक धोकाही असतो आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. बातमी जुनी होते. याचे सर्वांत मोठे उदाहरण डी.एड.चे आहे. एके काळी ग्रामीण भागातल्या हुशार मुलामुलींसाठी, विशेषतः मुलींसाठी, डी.एड. म्हणजे नक्की नोकरी. ज्यांना ती मिळाली त्यांची नावे गावोगाव सांगितली जात आणि त्यांच्या मागून शेकडो जण त्याच मार्गाने गेले. दरम्यान अध्यापक विद्यालये भरमसाट वाढली, 2000 मध्ये शिक्षणसेवक योजना आली, पुढे भरती वर्षानुवर्षे रखडली, 2013 पासून शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) आली, नंतर अभियोग्यता चाचणी आणि भरतीचे 'पवित्र' पोर्टल आले. पदविका हातात घेऊन ऐन उमेदीची वर्षे वाट पाहणारी पिढी महाराष्ट्राने पाहिली. त्यांना दिलेला सल्ला वाईट हेतूचा नव्हता. तो दहा वर्षांपूर्वीच्या बातमीवर बेतलेला होता, एवढेच.

सैन्यभरतीचेही तसेच. सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर, बुलढाणा अशा जिल्ह्यांत घरटी कोणी तरी फौजेत असतो, आणि निवृत्तिवेतन घेऊन घरी आलेला सुभेदार हे मुलांसमोरचे चित्र असते. 2022 मध्ये अग्निपथ योजना आल्यापासून भरती होणाऱ्या अग्निवीराची सेवा चार वर्षांची झाली आणि त्यानंतर कायम होणाऱ्यांचे प्रमाण 25 टक्क्यांपर्यंत ठरले. आज मैदानावर धावणाऱ्या मुलाला सुभेदाराची हकीकत स्फूर्ती देईल, पण हिशेब मांडायला त्याला चार वर्षे पूर्ण करून येणाऱ्या अग्निवीराची हकीकत लागेल. पोलीस भरतीला बारावी लागते, मुलांना 1600 आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते, आणि 50 गुणांच्या मैदानी चाचणीबरोबर 100 गुणांची लेखी परीक्षाही असते. अनेक मुले लेखी परीक्षेत मागे पडतात, कारण अकरावी-बारावीची दोन्ही वर्षे त्यांनी पुस्तक बाजूला ठेवून अकादमीच्या मैदानावरच काढलेली असतात. म्हणून वहीतल्या प्रत्येक नोंदीपुढे वर्ष हवे, आणि वर्गासमोर ती सांगतानाही वर्ष सांगायला हवे.

यावरूनच वर्गासमोर कोणाला आणायचे, हे ठरते. मोठ्या पदावर पोहोचलेला माजी विद्यार्थी वार्षिक स्नेहसंमेलनाला बोलवावा. त्याच्या येण्याने शाळेची मान उंचावते. पण अर्ज कुठला भरायचा हे ठरवायला शाळा सोडून दोन ते पाच वर्षे झालेली मुले लागतात. त्यांना फी आठवत असते, वसतिगृहाचे नियम आठवत असतात, मेसचा खर्च आठवत असतो, आणि पहिल्या सहा महिन्यांत घरी परत यावेसे का वाटले होते, हेही ती सांगतात. भाषणापेक्षा प्रश्नोत्तरे बरी. एका तासाला एकच मार्ग घ्यावा आणि त्या मार्गाने गेलेले दोघे आणावेत: एक ज्याला जमले तो, दुसरा ज्याने सोडले तो. दुसऱ्याला आणणे अवघड असते. त्याला आधी एकट्याला भेटून, त्याच्या हकिकतीची किंमत त्याला पटवून द्यावी लागते. अशी मुले बोलायला लागली की सर्वांत जास्त प्रश्न त्यांनाच विचारले जातात.

वेळही महत्त्वाची आहे. हे काम दहावीच्या निकालानंतर सुरू केले तर उशीर झालेला असतो, कारण तेव्हा कागदपत्रांचीच धावपळ चालू असते. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर यांसाठी त्या दिवसांत सेतू केंद्रासमोर रांगा लागतात आणि एखादा कागद कमी पडल्यामुळे मिळालेली जागा हातची जाते. नववीच्या दिवाळीनंतर पालकांची एक सभा फक्त कागदपत्रांसाठी घ्यावी. दाखल्यातले नाव, जन्मतारीख, जातीचा उल्लेख याच सभेत तपासून घ्यावा, कारण मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्ती सोपी असते आणि शाळा सोडल्यावर तीच दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयापर्यंत जाते. मुलींच्या पालकांना याच वेळी सांगायला हवे की वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींना शुल्कमाफी आहे. 'मुलीवर एवढा खर्च नको' या वाक्याने थांबलेली कित्येक शिक्षणे या एका माहितीने पुढे सरकू शकतात.

नापास झालेल्या मुलांकडे निकालाच्या आठवड्यात कोणी वळत नाही, आणि नेमके तेव्हाच त्यांच्याकडे जायला हवे. 2015 पासून पुरवणी परीक्षा जुलैत होते, त्यामुळे वर्ष वाचू शकते. पण फॉर्म भरायची मुदत थोडी असते आणि मूल लाजेने शाळेत येत नाही. ज्या शाळांत एक शिक्षक निकालाच्या दुसऱ्या दिवशी अशा मुलांच्या घरी जातो, तिथे पुरवणीला बसणाऱ्यांची संख्या वाढते. सोबत दोन वर्षांपूर्वी जुलैत पास झालेला माजी विद्यार्थी असला तर आणखी बरे.

नोंदीची मर्यादाही पाळायला हवी. वही लिपिकाच्या किंवा शिक्षकाच्या ताब्यात राहावी. कोणाचा फोन नंबर त्याला विचारल्याशिवाय कोणाला देऊ नये, मुलींचा तर मुळीच नाही. कोणाची बेकारी, आजार, घटस्फोट हे वर्गात उदाहरण म्हणून सांगू नये. क्लासवाले आणि खासगी संस्थांचे प्रतिनिधी अशी यादी मागायला येतात. त्यांना ती देऊ नये. एवढे सांभाळले तर माणसे विश्वासाने सांगतात, आणि विश्वासाने सांगितलेलेच पुढच्या मुलांच्या कामाचे असते.

हे वाचणारा प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या शाळेचा माजी विद्यार्थी आहे. त्याने आपल्या शाळेला एक पत्र लिहावे. त्यात दहावीचे वर्ष, घेतलेला मार्ग, त्याला लागलेला काळ आणि पैसा, जिथे अडले ती जागा, आणि मुलांनी फोन केला तर चालेल अशी वेळ, एवढे लिहावे. पत्र मुख्याध्यापकांच्या नावे, दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच पोहोचेल असे पाठवावे, कारण जानेवारीत पूर्वपरीक्षा सुरू होते आणि त्यानंतर दहावीच्या वर्गाला ते वाचून दाखवायला तास उरत नाही.